गुण देणाऱ्यांचा हिशेब

जिम्नॅस्टिक्स बघायला बहुतेकांना आवडतं, पण गुण कसे पडले असं विचारलं की फारच थोड्यांना सांगता येतं. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असतं, लांब उडीत टेप असते, क्रिकेटमध्ये धावा मोजता येतात. इथे मात्र टेबलामागे बसलेली माणसं बघतात, कागदावर खुणा करतात आणि आकडा जाहीर होतो. आपल्या मंडळाच्या वक्तृत्व आणि काव्यवाचन स्पर्धांमध्ये होतं ना, अगदी तसंच. म्हणूनच साहित्य मंडळाच्या अंकात या खेळावर लिहावंसं वाटलं.

मी हा खेळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून बघते आहे. तेव्हा मी सहावीत होते आणि आगरतळ्याची दीपा कर्माकर अंतिम फेरीत पोहोचली होती. त्यानंतर बघत आणि वाचत गेले तशी एक गोष्ट लक्षात आली. या खेळात गुणपद्धती बदलली, खेळाडू मुलींकडे बघण्याची नजर बदलली, संघटनांच्या खुर्च्यांवरची माणसं बदलली. हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिन्हींच्या तळाशी प्रश्न एकच आहे: ज्याचं मोजमाप होतंय त्याला ‘हे असं का?’ म्हणून विचारता येतं का?

दहाचं छत

१८ जुलै १९७६. माँट्रियल ऑलिंपिक. रुमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची अनइव्हन बार्सवरून खाली उतरली आणि फलकावर आकडा आला, १.००. प्रेक्षक गोंधळले. दहा गुण कुणाला मिळतील असं गृहीतच धरलं नव्हतं, त्यामुळे फलकावर दशांशचिन्हाच्या आधी दोन आकडे दाखवायची सोयच नव्हती. त्या ऑलिंपिकमध्ये नादियाला सात वेळा दहा मिळाले.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी कौतुकाने ऐकलेली असते. पण दहा हे एक छत होतं. पुढची पिढी अधिक अवघड कसरती करू लागली, छत मात्र तिथेच राहिलं. १९८८ मध्ये सोलला रुमानियाच्याच दानिएला सिलिवाशला पुन्हा सात वेळा दहा मिळाले. एकापेक्षा जास्त जणींना दहा मिळायला लागले तर सरस कोण, हे सांगणार कसं? मग नियम कडक झाले आणि १९९२ च्या बार्सिलोनानंतर ऑलिंपिकमध्ये दहाचा आकडा दिसला नाही.

छताहून मोठी अडचण वेगळीच होती. आकडा एकच यायचा. ९.७ मिळाले तर कसरत सोपी होती म्हणून की पाय वाकले म्हणून, हे प्रेक्षकाला कळायचं नाही.

अथेन्समधले सहा दिवस

ही अडचण २००४ मध्ये अथेन्सला उघड्यावर आली. त्या काळी प्रत्येक कसरतीला तिच्या अवघडपणानुसार एक प्रारंभिक मूल्य असायचं आणि चुकांचे गुण त्यातून वजा व्हायचे. पुरुषांच्या वैयक्तिक सर्वंकष स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगने पॅरलल बार्सवर १०.० मूल्याची कसरत केली. परीक्षकांनी तिचं मूल्य ९.९ धरलं. अमेरिकेच्या पॉल हॅमला सुवर्ण मिळालं आणि यांग अवघ्या ०.०४९ गुणांनी मागे राहून तिसरा आला. म्हणजे तो हरवलेला ०.१ सोन्याच्या पदकाचा होता!

आंतरराष्ट्रीय महासंघाने चूक मान्य केली आणि तीन परीक्षकांना निलंबित केलं, पण निकाल बदलला नाही. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रुनो ग्रांदी यांनी हॅमला पत्र लिहून सुचवलं की पदक त्यानेच सोडावं. चूक परीक्षकांची, आणि ती निस्तरायची खेळाडूने! अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने ते पत्र त्याच्यापर्यंत पोहोचवायलाच नकार दिला. क्रीडा लवादानेही कोरियाचा दावा फेटाळला, कारण तक्रार वेळेत केली नव्हती.

या स्पर्धेनंतर पाचच दिवसांनी हाय बारच्या अंतिम फेरीत रशियाच्या अलेक्सेई नेमोव्हला ९.७२५ गुण मिळाले. प्रेक्षकांनी इतका आरडाओरडा केला की स्पर्धा कित्येक मिनिटं थांबली. परीक्षकांनी गुण वाढवून ९.७६२ केले, तरी लोक शांत होईनात. शेवटी नेमोव्हनेच पुढे येऊन हात वर करून त्यांना गप्प केलं. मला हा प्रसंग यांगच्या प्रसंगापेक्षाही जास्त खटकतो. लेखी तक्रारीने पदक हललं नाही आणि गोंगाटाने गुण हलले. आधीचे गुण बरोबर असतील तर ते वाढवायला नकोत. चुकीचे असतील तर लोक ओरडेपर्यंत थांबायला नको.

दोन वेगळे रकाने

२००६ पासून महासंघाने जुनी पद्धत मोडीत काढली आणि गुणांचे दोन भाग केले. पहिला काठिण्याचा. कसरतीतल्या प्रत्येक घटकाला नियमावलीत ठरलेली किंमत असते. महिलांच्या बीमवर किंवा फ्लोअरवर सर्वात अवघड आठ घटकांची बेरीज होते. जोडून केलेल्या घटकांचे आणि ठरावीक प्रकार पूर्ण केल्याचे गुण त्यात मिळतात. या भागाला वरची मर्यादा नाही. दुसरा भाग सफाईचा. तो दहापासून सुरू होतो आणि चुकांनुसार खाली येतो: छोट्या चुकीला ०.१, मध्यम चुकीला ०.३, मोठ्या चुकीला ०.५ आणि पडल्यास पूर्ण १ गुण. सफाई बघणारे परीक्षक वेगळे असतात. त्यांच्यातला सर्वात जास्त आणि सर्वात कमी आकडा काढून टाकतात आणि उरलेल्यांची सरासरी घेतात. म्हणजे एखाद्याने आपल्या देशाच्या मुलीला झुकतं माप दिलं तरी ते बरंचसं निष्प्रभ होतं.

दीपाच्या गुणांवरून हे नीट कळेल. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन उड्या मारायच्या असतात आणि दोन्हींची सरासरी धरतात. तिच्या त्सुकाहारा प्रकारातल्या उडीला काठिण्याचे ६.० आणि सफाईचे ८.८६६, एकूण १४.८६६ मिळाले. दुसरी उडी प्रोदुनोव्हा. हातांवर पुढे झेपावून हवेत दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. उतरणारीला जमीन जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाही. तिचं काठिण्य तेव्हा ७.० होतं. उतरताना दीपा खूप खाली बसली, सफाईचे ८.२६६ मिळाले, एकूण १५.२६६. सरासरी १५.०६६. कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जूलिया श्टाइनग्रुबरचे गुण होते १५.२१६.

फरक ०.१५० चा. सरासरी असल्यामुळे दोन्ही उड्या मिळून ०.३ चा. म्हणजे एक मध्यम चूक! भारताच्या मुलीचं पदक नेमकं कुठे राहिलं, हे मला इतकं स्पष्टपणे सांगता येतं, कारण हिशेब दोन रकान्यांत मांडलेला आहे. वाईट वाटतं, पण अन्याय झाला असं वाटत नाही. या दोन भावना वेगळ्या आहेत, आणि चांगली गुणपद्धती त्या वेगळ्या ठेवायला मदत करते.

या पद्धतीची किंमतही आहे. काठिण्याला मर्यादा नसली की धोका पत्करायचा मोह वाढतो. प्रोदुनोव्हा नीट न जमलेल्या मुलीही ७.० च्या ओढीने ती मारू लागतील, ही भीती होती. पुढच्या नियमावलीत तिची किंमत ६.४ झाली. २०१९ मध्ये सिमोन बाइल्सने बीमवरून उतरताना दोन कोलांट्या आणि दोन गिरक्या एकत्र केल्या. महासंघाने त्याला ०.८ इतकीच किंमत दिली. बाइल्सने जाहीर नाराजी व्यक्त केली. महासंघाचं म्हणणं होतं की किंमत ठरवताना इतर खेळाडूंच्या सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो. मला महासंघाची काळजी पटते. पण स्पष्टीकरण टीका झाल्यावर आलं, हे पटत नाही. कारण योग्य असेल तर ते आकड्याबरोबरच सांगायला काय हरकत?

‘सहन कर’ ते ‘थांबते’

आता नजरेबद्दल. या खेळात बराच काळ चांगली खेळाडू म्हणजे लहान, हलकी आणि गप्प बसणारी मुलगी. १९७८ ची जागतिक विजेती, सोव्हिएत संघाची येलेना मुखिना, पायाच्या दुखापतीतून पुरती सावरलेली नसताना सरावाला उभी राहिली. मॉस्को ऑलिंपिक तोंडावर होतं. जुलै १९८० मध्ये मिन्स्कला सराव करताना तिची मान मोडली आणि उरलेलं आयुष्य, २००६ पर्यंत, तिने अंथरुणाला खिळून काढलं.

१९९६ च्या अटलांटात केरी स्ट्रगने पहिल्या उडीत घोटा दुखावल्यावरही दुसरी उडी मारली आणि एका पायावर उभी राहून सलामी दिली. अमेरिकेला सांघिक सुवर्ण मिळालं. प्रशिक्षक बेला कारोली यांनी तिला उचलून आणलं आणि ते छायाचित्र जगभर गाजलं. नंतर गुणांची बेरीज पाहिली तेव्हा कळलं की ती दुसरी उडी नसती तरी सुवर्ण अमेरिकेचंच होतं. ते उडीच्या आधी कुणालाच माहीत नव्हतं, हे खरं. पण तिने थांबावं, हा विचार तरी त्या सभागृहात कुणी मोठ्याने मांडला असता का?

सिडनी २००० चं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. महिलांच्या सर्वंकष अंतिम फेरीत व्हॉल्टवर एकामागून एक चांगल्या चांगल्या मुली पडत होत्या. रशियाची स्वेतलाना खोर्किनाही पडली. स्पर्धा बरीच पुढे गेल्यावर ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरने सांगितलं की व्हॉल्टची उंची बरोबर वाटत नाही. मोजलं तर ते १२५ ऐवजी १२० सेंटिमीटरवर लावलेलं निघालं. मुलींना पुन्हा उडी मारायची संधी दिली गेली, पण तोवर खोर्किना पुढच्या उपकरणावरही पडली होती. सभागृह अधिकाऱ्यांनी भरलेलं होतं आणि पाच सेंटिमीटरचा फरक सांगितला तो एका खेळाडूने!

या पार्श्वभूमीवर टोकियो बघा. २०२१ मध्ये सांघिक अंतिम फेरीत एका उडीनंतर बाइल्सने माघार घेतली. हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भानच सुटतं, अशी तिची अवस्था झाली होती. दोन कोलांट्यांच्या मध्ये असं भान सुटणं म्हणजे काय, ते मुखिनाच्या गोष्टीवरून समजतं. ‘देशाला दगा दिला’ म्हणणारे तेव्हाही होते. पण तिच्या संघातल्या मुली तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी रौप्य मिळवलं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये सत्तावीस वर्षांची बाइल्स परत आली आणि तीन सुवर्णपदकं घेऊन गेली. १९५२ नंतर इतक्या वयाची महिला सर्वंकष विजेती झाली नव्हती. ज्या खेळात १९८० पर्यंत चौदा वर्षांच्या मुली उतरत होत्या आणि किमान वय सोळा व्हायला १९९७ उजाडावं लागलं, त्या खेळात हे घडलं.

खुर्चीवरची माणसं

नेतृत्वाचा भाग सर्वात दुःखद आहे. अमेरिकेच्या संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण केलं. तक्रारी झाल्या होत्या. त्या दाबल्या गेल्या किंवा रेंगाळल्या. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने संघटनेच्या कारभाराचा पाठपुरावा केला आणि रेचल डेनहोलंडर ही माजी जिम्नॅस्ट स्वतःच्या नावानिशी पुढे आली. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली हकीकत सांगितली आणि नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात संघटनेच्या संचालक मंडळाला पायउतार व्हावं लागलं. २०२१ मध्ये ३८ कोटी डॉलर्सची भरपाई ठरली.

पण हे एका नराधमापुरतं नव्हतं. २०२० मध्ये अनेक देशांतल्या जिम्नॅस्ट मुलींनी सरावातल्या मारहाणीबद्दल, उपासमारीबद्दल, अपमानाबद्दल उघडपणे लिहिलं. ब्रिटनमध्ये ॲन व्हाइट यांच्या चौकशीपुढे चारशेहून अधिक निवेदनं आली; तिचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाचा अहवाल त्याआधी वर्षभर आला होता.

यातून नेतृत्वाबद्दल एक साधी गोष्ट समजते. जो प्रशिक्षक निवड करतो, त्याच्याचकडे तक्रार करायची असेल तर ती होणारच नाही. संघाबाहेर काढलं जाण्याची भीती कुठल्याही जखमेपेक्षा मोठी असते. मोरिनारी वातानाबे २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात, २०१९ मध्ये, तक्रारी ऐकण्यासाठी जिम्नॅस्टिक्स एथिक्स फाउंडेशन ही स्वतंत्र कारभार असलेली संस्था सुरू झाली. संस्था काढली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. पण तक्रारीचं दार आणि निवडीचं दार वेगळं असावं, हे निदान मान्य झालं.

एक मिनिट

एवढं सगळं होऊनही पॅरिसला काय झालं बघा. ५ ऑगस्ट २०२४, महिलांची फ्लोअरची अंतिम फेरी. शेवटी उतरलेल्या अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सला १३.६६६ मिळाले. रुमानियाच्या आना बार्बोसू आणि सब्रिना मानेका-व्होइनिया या दोघी १३.७०० वर होत्या. चाइल्सच्या प्रशिक्षकाने काठिण्याच्या गुणांना आव्हान दिलं, परीक्षकांनी ते मान्य केलं, गुण १३.७६६ झाले आणि कांस्य चाइल्सला मिळालं. रुमानियाने दाद मागितली. शेवटच्या खेळाडूसाठी आव्हान एका मिनिटात द्यावं लागतं. ते चार सेकंद उशिरा दिलं, असा निर्णय क्रीडा लवादाने दिला. पदक बार्बोसूकडे गेलं. चाइल्सने पुढे स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं.

इकडे व्होइनियाचे ०.१ गुण रेषेबाहेर पाऊल गेलं म्हणून कापले होते, आणि पाऊल बाहेर गेलंच नव्हतं असं तिच्या बाजूचं म्हणणं होतं. तिन्ही मुलींनी आपापली कसरत केली होती. त्यांच्या हातात नव्हतं ते फक्त मोठ्यांचं घड्याळ आणि मोठ्यांची रेषा.

आता यंत्रं आली आहेत. खेळाडूच्या हालचाली टिपून सांध्यांचे कोन मोजणारी फुजित्सू कंपनीची प्रणाली २०१९ च्या स्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत वापरली गेली आणि २०२३ मध्ये अँटवर्पला पुरुष-महिलांच्या मिळून दहाही उपकरणांसाठी उपलब्ध होती. गुडघा किती वाकला हे यंत्र सांगेल. संगीताशी हालचाल एकजीव झाली का, हे अजून माणसालाच बघावं लागणार. आणि तक्रार ऐकून घ्यायची तयारी हवी, तीही माणसाचीच.

आपल्या मंडळासाठी

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्याच स्पर्धा होत्या. आपल्याकडे भाषेचा, मांडणीचा आणि सादरीकरणाचा मिळून एकच आकडा जाहीर होतो. ज्याला बक्षीस मिळत नाही तो विचारत नाही, आणि विचारलं तर ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ हे वाक्य तयारच असतं. निर्णय अंतिम असायला माझी हरकत नाही. पण अंतिम म्हणजे कारण न सांगता दिलेला, असं थोडंच आहे?

येत्या वार्षिक स्पर्धांसाठी मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. एक, गुणांचे रकाने स्पर्धेच्या आठवडाभर आधी फलकावर लावावेत आणि निकालानंतर प्रत्येकाला आपला कागद बघायला मिळावा. दोन, परीक्षकांत स्पर्धकाचे स्वतःचे मार्गदर्शक असतील तर त्यांनी त्या स्पर्धकाला गुण देऊ नयेत. तीन, तालमीत कुणाशी वाईट वागणं झालं तर सांगायचं कुणाला, त्या व्यक्तीचं नाव स्पर्धेच्या सूचनापत्रावरच छापावं, आणि ती व्यक्ती संघ निवडणारी नसावी. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावंही त्याच पत्रावर यावीत. पहिल्या वर्षाच्या किती जणांना ती आज माहीत असतील?

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे तीन मुद्दे लेखी मांडणार आहे. तुम्हाला पटले तर त्या कागदावर सही करा. पटले नाहीत तर बैठकीला या आणि का पटले नाहीत ते सांगा.